अध्यक्षांनी न वाचलेली पानं

आमच्या मंठ्याच्या वाचनालयाच्या माजी अध्यक्षांवर कुणी भाषणाला उभं राहिलं की मला उठून बाहेर जावंसं वाटतं. "त्यांनी वाचनाची गोडी लावली", "त्यांचा वारसा आपण पुढे नेऊ या"... अरे, वारसा म्हणजे नेमकं काय ते तरी सांगा! त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे. त्यातली एक गोष्ट अशी आहे, की ती आठवली की माझा त्यांच्यावरचा जीव आणि त्यांच्यावरचा राग दोन्ही एकदमच वर येतात.

मी मूळची जुन्या जालन्याची. वडिलांचं कापडाचं दुकान होतं, आणि गल्ली अशी की समोरून सायकल आली तर भिंतीला चिकटून उभं राहावं लागे. शिक्षिका म्हणून मंठ्याला नेमणूक झाली तेव्हा जालना जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. मला वाटलं, झालं, आता आपलं वाचन संपलं. पहिल्याच बाजाराच्या दिवशी शाळा सुटल्यावर वाचनालय शोधत गेले, तर पत्र्याच्या दोन खोल्या आणि दारात चपलांचा ढीग. आत सतरंजीवर माणसं खच्चून बसलेली. बायकांच्या मांडीशी बाजाराच्या पिशव्या, खोलीभर मेथीचा वास, आणि समोर धोतर-टोपीतले एक गृहस्थ ओळीखाली बोट धरून मोठ्यानं कादंबरी वाचत होते. तेच अध्यक्ष.

घरची मोठी शेती होती त्यांची. शाळा निजामाच्या राज्यात उर्दूतून झालेली. मराठी वाचायला ते मोठेपणी शिकले, तेही मोठ्यानं वाचून वाचून. मनातल्या मनात वाचणं त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही. पुस्तक हातात घेतलं की उर्दूच्या सवयीनं आधी शेवटाकडून उघडायचे, मग हसून फिरवायचे. कुणीतरी लगेच चिडवायचं, "अध्यक्ष, शेवट पाहून घेतला का?" ते म्हणायचे, "बिलकुल पाह्यला. सांगणार न्हाई."

या वाचनामागे त्यांचा एक नियम होता. वर्षातून दोन-तीनदा ते एखाद्या लेखकाला मंठ्याला बोलवायचे. लेखक यायच्या आधी त्याचं पुस्तक दर बाजाराच्या दिवशी थोडं थोडं करत अख्खं वाचून व्हायचं. लेखक आला की ना स्टेज, ना हार, ना भाषण. त्यानं सतरंजीवर बसायचं आणि लोकांनी विचारायचं. "ज्यानं ऐकलं न्हाई त्यानं विचारायचं न्हाई," हे एवढंच अध्यक्ष सुरुवातीला बोलायचे आणि भिंतीला टेकून बसायचे.

लेखकांची जी काही गंमत व्हायची! पहिल्यांदा मी पाहिलेले लेखक चांगले नावाजलेले होते. वडीगोद्रीच्या फाट्यावरून त्यांना जीपमधून आणलं होतं, त्यामुळे केस विस्कटलेले, धुळीनं भुवया पांढऱ्या. त्यांना वाटलं होतं सत्कार आहे. भाजीवाली एक मावशी पुढं सरकली आणि म्हणाली, "तुमी सासू लई वाईट लिवली. सुनेला चार पानं रडू दिलं, मंग सासूला एक तरी पान द्यायचं का न्हाई?" लेखक म्हणाले, ती कथेची गरज होती. मावशी म्हणाली, "गरज तुमाला व्हती, सासूला न्हाई." पुढच्या दहा मिनिटांत लेखकांना गाडीची वेळ झाल्याचं आठवलं. गाडीला अजून तीन तास होते. पण त्यांचंच मला नंतर कौतुक वाटलं, कारण ते उठले नाहीत, बसले, आणि चहाच्या दुसऱ्या कपाला मावशीला म्हणाले, "बाई, तुम्ही सांगा, काय द्यायला हवं होतं तिला?" मग मावशी जे सुरू झाली, ती गाडी यायच्या वेळेपर्यंत.

अध्यक्षांच्या पत्नी, आमच्या काकू, सुरुवातीला वाचनाला यायच्या नाहीत. घरी मात्र माझं जाणं-येणं होतं. मी जालन्याची एकटी पोर म्हणून त्या मला जेवल्याशिवाय सोडत नसत. त्यांच्या घरातली एक गोष्ट मला पहिल्याच महिन्यात शेजारणीनं कानात सांगितली होती. त्यांना एक मुलगा होता. आठ-नऊ वर्षांचा असताना ताप डोक्यात गेला आणि पोर गेलं. त्याला वीस वर्षं झाली होती. "त्याचं नाव त्या घरात काढू नको," शेजारीण म्हणाली, "अध्यक्षांला चालत न्हाई. काकूनं बी इतक्या वर्षांत काढलं न्हाई." घरात त्याचा एक फोटो नव्हता. एकदा काकू भाकरी थापता थापता मला म्हणाल्या, "बाई, तुझ्या शाळेतली पोरं मधल्या सुट्टीत काय खात्यात गं?" मी सांगत गेले आणि त्या ऐकत राहिल्या. तव्यावरची भाकरी करपली तरी त्यांना कळलं नाही. तेवढ्यात अध्यक्ष आत आले आणि त्यांनी विषय बदलला.

मग एका वर्षी त्यांनी एक कादंबरी वाचायला घेतली. एका खेड्यातल्या कुटुंबाची गोष्ट. त्या पुस्तकाला मात्र काकू येऊ लागल्या. दाराजवळ बायकांत बसायच्या, डोक्यावर पदर, नजर खाली. मी ते पुस्तक आधीच जालन्याला वाचलेलं होतं. त्यात मध्यावर त्या घरातलं लेकरू तापानं मरतं. जसजसं ते पान जवळ येऊ लागलं, तशी मी वाचन सोडून काकूंकडेच बघायला लागले.

त्या दिवशी अध्यक्षांनी लेकराच्या आजारपणाचं सगळं वाचलं. मग थांबले, तांब्यातलं पाणी प्यायले. बोट ओळीवरून उचललं, दोन पानं एकदम उलटली आणि पुस्तकाकडे न बघता म्हणाले, "पहाटं पोराला घाम आला. ताप उतरला."

"बरं झालं माय," बायका म्हणाल्या. कुणीतरी हात जोडले. मी अध्यक्षांकडे बघतच राहिले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. मला वाटलं, केवढा हा माणूस! बायकोला ऐकवत नाही म्हणून अख्ख्या गावासमोर पुस्तक फिरवलं यानं.

पुढच्या आठवड्यांत त्यांची फार ओढाताण झाली. जिथं जिथं त्या मेलेल्या लेकराचा उल्लेख, तिथं तिथं ते अडखळायचे, ओळ गाळायचे, काहीतरी जोडायचे. पण एक गोष्ट त्यांना गाळता येईना. पुस्तकातली त्या लेकराची आई त्या दिवसापासून बोलेनाशी होते. ती स्वयंपाक करते, रानात जाते, पण शेवटच्या पानापर्यंत तोंडातून शब्द काढत नाही. ते सगळं अध्यक्षांना वाचावंच लागलं, कारण ते काढलं तर पुस्तकच उरत नव्हतं.

त्या कादंबरीचा लेखक आला तेव्हा खोली अशी भरली होती की खिडकीतूनही माणसं बघत होती. लेखक तिरसट, बारीक अंगाचा, प्रश्न संपायच्या आत उत्तर देणारा. लोकांनी काही-बाही विचारलं. आणि मग दाराजवळून काकूंचा आवाज आला. मी तिथं त्यांना बोलताना पहिल्यांदाच ऐकलं.

"लेकरू बरं झालं म्हणता," काकू म्हणाल्या, "मंग त्याची माय इतकी गप का झाली?"

लेखकानं कपाळाला आठ्या घातल्या. "बरं झालं? कोण बरं..." आणि तो थांबला. त्यानं काकूंकडे पाहिलं, मग भिंतीला टेकलेल्या अध्यक्षांकडे. अध्यक्षांची मान खाली होती आणि दोन्ही हात गुडघ्यांना घट्ट. तो तिरसट माणूस एकदम मऊ आवाजात म्हणाला, "बाई, ते मी नीट लिहिलं नाही. चूक माझी आहे."

माझ्या जिवात जीव आला. चहा फिरला. पण काकू लेखकाकडे बघत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "म्हंजी तुमी बी सांगत न्हाई." आणि पिशवी उचलून निघून गेल्या. त्यानंतर त्या वाचनाला आल्या नाहीत. ते पुस्तकही देवघेवीत कधी आलं नाही. अध्यक्षांनी ते स्वतःच्या कपाटात ठेवून घेतलं.

तेव्हा मला काकूंचंच नवल वाटलं होतं. एवढं जपतोय माणूस, तर कळू नये का बाईला! मला स्वतःला मूल झालं, त्याचे ताप-खोकले रात्रंदिवस काढले, तेव्हा हळूहळू डोक्यात उजेड पडला. काकूंना जपलेलं नकोच होतं. त्यांना कुणीतरी ते मोठ्यानं म्हणायला हवं होतं.

दोन हजार साल उलटलं आणि अध्यक्ष गेले. अंत्ययात्रेला अख्खा बाजार बंद होता. तोपर्यंत मी वाचनालयाची चिटणीस झाले होते. नव्या कार्यकारिणीनं ठरवलं, स्मृतिदिनाला फोटोला हार, पाहुणे आणि भाषणं. मी म्हटलं, "ज्यांनी जन्मात कुणाला हार घालू दिला नाही, त्यांच्याच फोटोला घालता?" माझा आवाज चढला, मला माहीत आहे, माझा चढतोच. पण त्याच आठवड्यात काकूंनी मला बोलावून घेतलं. कपाटातून ते पुस्तक काढून माझ्या हातात ठेवलं. त्यांना वाचता येत नव्हतं.

"यांनी यातलं काहीतरी गाळलं," त्या म्हणाल्या. "मला तवाच कळलं व्हतं. तू वाच. तिथंच वाच, सगळ्यांसमोर. जसं हाय तसं."

"इथं घरीच वाचू का, काकू?"

"न्हाई. घरात लई वर्षं गप बसून झालं."

नवे अध्यक्ष ऐकून चपापले. म्हणाले, "बाई, म्हणजे साहेब खोटं वाचत होते असं गावापुढं होईल. गेलेल्या माणसाचा मान राह्यला पाह्यजे." त्यांचंही चूक नव्हतं. मला तीन रात्री झोप आली नाही. एकीकडे ज्यांनी मला या गावात पुस्तकांची सोबत दिली ते अध्यक्ष, माझे काका, दुसरीकडे काकूंचं म्हातारपण. शेवटी म्हटलं, त्यांच्याच नियमानं जाऊ या. वाचायला घेतलं ते अख्खं वाचायचं. भाषणं रद्द.

बाजाराच्या दिवशी खोली भरली. जुनी माणसं पुष्कळ आली होती, भाजीवाली मावशीसुद्धा, काठी टेकत. काकू या वेळी दाराजवळ नाही, पुढं बसल्या. मी आजारपणापासून सुरुवात केली. पुस्तकाची बाकी पानं हाताळून मऊ पडली होती आणि त्या दोन पानांना मात्र नव्याचा वास होता. मी अध्यक्षांसारखं ओळीखाली बोट धरलं आणि वाचलं. लेकरू गेलं. त्याच्या आईनं त्याचे पाय पुसले. कुणी तिला रडू दिलं नाही, कारण नवऱ्याला सहन होत नव्हतं.

तिथं काकू म्हणाल्या, "थांब."

मी थांबले.

"मंग बराबर हाय," त्या म्हणाल्या. "मंग माय गप होणारच."

आणि त्यांनी आपल्या मुलाचं नाव घेतलं. मोठ्यानं, जसं पोराला जेवायला हाक मारतात तसं. चाळीसेक वर्षांत पहिल्यांदा. मग म्हणाल्या, "त्याला गूळ-शेंगदाणे लई आवडायचे. ताप चढला त्या दिवशी त्यानं मला हाका मारल्या म्हणं. मी रानात गेल्ते. मला कुणी बोलवायला आलं न्हाई, यांनी म्हणलं व्हतं, उतरंल." त्या रडल्या. लहान पोरीसारख्या रडल्या. भाजीवाल्या मावशीनं त्यांना कुशीत घेतलं आणि खोलीतलं कुणी त्यांना गप करायला गेलं नाही.

मागून एक टक्कल पडलेला गृहस्थ उठला. म्हणाला, "काकू, मी त्याच्याच वर्गात व्हतो. त्याला चिंचेवर चढता यायचं न्हाई. खालून आमाला शिव्या द्यायचा." काकू रडता रडता हसल्या. "अजून सांग," त्या म्हणाल्या. मग कुणी त्याच्या गोट्यांचं सांगितलं, कुणी त्याच्या तोतऱ्या बोलण्याचं. इतकी वर्षं ही सगळी माणसं ते मूल मनात घेऊन त्या सतरंजीवर बसत होती, आणि अध्यक्षांना वाईट वाटेल म्हणून एकानंही तोंड उघडलं नव्हतं.

निघताना मी काकूंना म्हटलं, "काकू, मला काकांचा फार राग येतोय."

"नको येऊ देऊ," त्या म्हणाल्या. "वाईट न्हवते गं ते. भ्याले व्हते. पोराला गमावलं मी, तसंच त्यांनी बी गमावलं ना." मग पुस्तक माझ्याकडून मागून घेतलं, थोडा वेळ हातात धरलं आणि परत दिलं. "ह्याला आता कपाटात ठेवू नको. बाहेर ठेव."

ते आजही देवघेवीच्या मांडणीवर आहे. त्या मुलाचं नाव मी इथं लिहीत नाही. मंठ्यात कुणालाही विचारा, आता सांगतात.