मूळ टेप

रविवारी ह्यांचे मित्र जुन्या रॉक बँडच्या रेकॉर्डी घेऊन येतात. त्यातली कोणती नव्याने, चांगल्या आवाजात निघावी यावरून त्यांचे वाद चालतात. रेकॉर्ड सगळे दोन्ही तळव्यांत कडेने धरतात, गाण्यावर बोट ठेवत नाहीत. ते बघायला मला आवडतं.

काल सतीशभावोजी म्हणाले, "ही निघायलाच हवी. ड्रम किती दबलेत बघ."

"ड्रम नाही, तुझे कान दबलेत," हे म्हणाले.

"मूळ टेप असेल तर सगळं सुधारता येतं. ती वाजवून झिजते, म्हणून जपून ठेवतात."

मी चहाचा ट्रे घेऊन तिथेच थांबले. माझ्या साड्यांखाली एक कॅसेट आहे. तिच्यात आमची मीना बोलते. ती चार वर्षांची असताना गेली. पुढे मी कॅसेट रोज लावायची, पण आवाज घोगरा होत गेला तशी बंद केली. ह्यांना ठाऊक आहे, पण आम्ही त्याबद्दल बोलत नाही.

या गाणाऱ्यांना जगाने ऐकलं, म्हणून त्यांच्यासाठी भांडायला माणसं आहेत. मीनाचा आवाज आठवणारी आम्ही दोघंच. आणि जपायचं म्हणून ऐकायचंच नाही, तर ते जपणं तरी कसलं?

मी हळूच विचारलं, "भावोजी, घरातली जुनी कॅसेटही सुधारता येते का हो अशी?"

"येते की वहिनी. आवाज उतरवून घ्यायला एकदा मात्र पूर्ण वाजवावी लागेल."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी चालू रेकॉर्डवरची सुई उचलली आणि म्हणाले, "आण."