सहा महिन्यांनी येणारे कर्नल

नुसत्या भिंगारात नव्हे, अख्ख्या नगर जिल्ह्यात आमच्या शेजारच्या कर्नलभाऊजींइतका चिवट परीक्षक सापडायचा नाही. परीक्षा संपली की बाकीचे परीक्षक घरी जातात. यांची तेव्हा कुठं सुरू होते. मी या वयात मोबाईलचा वर्ग केला आणि सर्टिफिकेट मिरवत त्यांच्या ओट्यावर गेले, तर म्हणाले, "अभिनंदन, वहिनी. सहा महिन्यांनी बघू." मला वाटलं, बोलायची रीत असेल. पण सहा महिन्यांनी कडक इस्त्रीचा शर्ट घालून स्वारी दारात हजर! आणि मला एका अक्षरानं विचारलं नाही हो. सरळ सुनेला म्हणाले, "फोटो पाठवायला सासूबाई अजून तुम्हालाच हाक मारतात का?" सून म्हणाली, "दिवसातून दहादा, काका!" झाले मी नापास.

हसू नका. हा माणूस स्वतःलाही सोडत नाही, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. निवृत्तीनंतर ते लष्करातल्या मोठ्या साहेबांसाठी एक वर्ग चालवायचे. हाताखालच्यांना कसं वागवावं, त्यांचं कसं ऐकून घ्यावं, हे शिकवायचे. त्यातच त्यांचा सगळा जीव. तर वरून विचारणा आली, या वर्गावर एवढा खर्च होतो, त्यातून फौजेच्या पदरात काय पडतं ते तपासून कळवा. ठेवायचा की बंद करायचा, त्यावर ठरेल. तपासायचं कुणी? तर यांनीच! म्हणजे पोराचा पेपर बापाच्या हाती. दुसरा कुणी असता तर त्यानं शिकून गेलेल्या साहेबांनाच विचारलं असतं, त्यांनी 'उत्तम' लिहिलं असतं, मिटला विषय. हे मात्र सहा महिने थांबले आणि साहेबांना वगळून त्यांच्या ड्रायव्हरांना, स्वयंपाक्यांना, कारकुनांना भेटत फिरले. श्रीरामपूरकडचा एक ड्रायव्हर म्हणाला, "खरं सांगू का? आठ दिस साहेब लई गोड बोलत्यात. गाडीचं दार बी सोताच उघडत्यात. नवव्या दिशी हाय तेच!" थोड्याफार फरकानं सगळीकडे हेच.

त्यांची बायको माझी मैत्रीण. तिनं जेवताना सांगून पाहिलं, "अहो, जरा हात सैल सोडून लिहा की." ताटावरची मान वर न करता म्हणाले, "मग मीही नवव्या दिवसाचाच झालो की!" आणि ऐकलं ते जसंच्या तसं लिहून पाठवलं. रणगाड्यात बसायला लागते त्याहून मोठी छाती लागते याला.

वर्ग बंद झाला. पत्र आलं त्या सकाळी मी ओट्यावर गेले आणि विचारलं, "भाऊजी, वाईट वाटलं का?" हळूच म्हणाले, "शिकवताना फार मजा यायची हो, वहिनी. पण वरून विचारलं होतं त्यात, मला मजा येते का, हा प्रश्नच नव्हता."

मी त्यांच्या शेजारी टेकले. दोघं रस्त्यावरून जाणाऱ्या लष्करी गाड्या बघत बसलो.