रविवारचा युनिफॉर्म

“रिबन सोडा. केस विस्कटा. असं नको, खरं पाहिजे.”

फोटोग्राफर माझ्याशी नाही, आईशी बोलत होता. मी तिसरीत होते. वस्तीत फोटोवाले साहेब येणार म्हणून आईनं रविवार असून मला शाळेचा युनिफॉर्म घातला होता. इस्त्रीचा. टाय, पॉलिश केलेले बूट. फोटो काढायचा तर चांगल्या कपड्यांत, एवढंच आम्हाला माहीत. आईनं मुकाट्यानं रिबन सोडली. टाय काढला. बूट काढले. घरातला उसवलेला फ्रॉक चढवला. वस्तीतल्या बुद्धविहाराच्या पायरीवरून उठवून त्यानं मला नाल्याकाठी उभं केलं.

“हसू नकोस,” तो म्हणाला. तेवढं मात्र माझ्याशी.

परवा नाशिकच्या एका हॉलमध्ये त्या फोटोतली ती मुलगी पडदाभर झाली. त्या फोटोग्राफरवरचा माहितीपट होता. तो माणसांना हवं तसं उभं करून फोटो काढतो, असा त्याच्यावर आरोप आहे. पडद्यावर तो शांतपणे सांगत होता, “हे माझं स्वतःचं काम, कुणी सांगून केलेलं नाही. इथे मी काहीच रचत नाही. या मुलीनं शाळा पाहिलेली नव्हती.”

मी रांगेच्या मधोमध. दोन्ही बाजूंना ऑफिसातले लोक. त्यांना मी ‘नाशिकरोडची’ म्हणून माहीत. वस्तीचं नाव मी कधी सांगितलेलं नाही.

“किती रिअल आहे ना!” शेजारच्या मॅडम कुजबुजल्या. “बिच्चारी. डोळे बघ तिचे.”

मी माझे डोळे खाली घेतले. बुटांच्या आत पायाची बोटं आखडली. बाहेर पडायचं तर सगळ्यांचे गुडघे ओलांडावे लागणार. बोलायचं तर त्याहून अवघड.

दिवे लागले. तो स्टेजवर आला. प्रश्न इंग्रजीत सुरू झाले. इंग्रजी मला येतं, त्याच शाळेतलं. मी हात वर केला. वर्गातही कधी केला नव्हता. माईक आला तेव्हा मराठीत बोलले.

“त्या मुलीला शाळा होती. युनिफॉर्म तुम्ही काढायला लावलात. ती मुलगी मी आहे.”

मॅडम वळून माझ्याकडे बघत राहिल्या. त्यानं मान उंचावून मला शोधलं. मग हसला.

“अरे वा! मग या ना वर. आपला एक फोटो होऊन जाऊ दे!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“नाही,” मी म्हणाले. टाळ्या थांबल्या नाहीत, म्हणून पुन्हा म्हणाले. “नाही.”

घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, “मोठी माणसं ती. जाऊ दे बाई.”

जाऊ देणार नाही. आई तेव्हा गप्प राहिली, ती परवानगी नव्हती. जिथे हा माहितीपट दाखवतील तिथे मी जाणार. हात वर करणार. आधी वस्तीचं नाव सांगणार, मग माझं. तो फोटो पडद्यावरून उतरवला जाईपर्यंत.