पेंटर दगडू, खाली उजव्या कोपऱ्यात

माझ्या बापाला स्वतःचं नाव स्वतःच्या हातानं पुसताना मी दोनदा बघितलंय. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते.

गावातल्या देवळाचा जीर्णोद्धार झाला होता. वर्गणीदारांची नावं सभामंडपाच्या बाहेरच्या भिंतीवर लिहायची होती. कडेगाव तालुक्यात आबासारखं अक्षर कुणाचं नव्हतं, म्हणून आबाला बोलावणं आलं. आत पाय टाकायचा नाही, शिडी बाहेरूनच लावायची, प्यायला पाणी कुणीतरी वरून ओतणार. आमची जात सांगत बसत नाही. आमची आळी ओढ्यापलीकडं आहे, एवढं सांगितलं की आमच्याकडं सगळ्यांना कळतं.

तीन दिवस आबा शिडीवर होता. सुतळी निळीत भिजवून त्यानं भिंतीवर सरळ रेघा मारल्या, मग लाल ऑइल पेंटनं एकेक नाव काढलं. ज्याची वर्गणी मोठी त्याचं अक्षर मोठं. सगळं झाल्यावर खाली उजव्या कोपऱ्यात, बोटाएवढ्या अक्षरात, पेंटर दगडू. पाटीच्या कोपऱ्यात पेंटरनं आपलं नाव टाकायचं, ही या धंद्यातली रीत. दूध डेअरीच्या पाटीवर, उसाच्या ट्रॉलीवर, शाळेच्या भिंतीवर, सगळीकडं आबा त्या कोपऱ्यात असायचा.

मी भाकरी घेऊन पोचले तेव्हा देवस्थानचे अध्यक्ष भिंतीपुढं उभे होते. मागं दहा-बारा माणसं.

"ए दगड्या, ह्ये काय लिवलंयस?"

"नाव हाय जी माझं. पेंटरनं लिवायची रीत असती."

"रीत तुझ्या घरात. देवाच्या भिंतीवर तुझं नाव? पूस."

आबानं फडकं रॉकेलमध्ये बुडवलं. रंग अर्धा वाळला होता. निघेना. लाल रंग पांढऱ्या चुन्यावर पसरला. "नीट पूस, डाग ऱ्हायला," मागनं कुणीतरी म्हणालं आणि बाकीचे हसले. आबानं नखानं खरवडलं. 'दगडू'तला 'दग' गेला, 'डू' लवकर जाईना. मी भाकरीचं गठुडं छातीशी धरून बघत होते. माझ्या बापानं अख्ख्या गावाची नावं लिहिली होती आणि त्याच्याच हातानं त्याचं एकट्याचं नाव काढायला लावलं होतं. स्वतः कुणी हात लावला नाही. हात बाटला असता ना त्यांचा.

नंतर आम्ही ओढ्याच्या काठाला बसलो. आबा भाकरी खाताखाता म्हणाला, "अक्षर कसं झालंय गं?"

मी म्हणाले, "लय भारी झालंय."

दुसरं काही बोलले नाही. तेच माझं चुकलं, असं मला अजून वाटतं.

पुढं फ्लेक्स आला आणि ब्रशचं काम मेलं. आबाचा धंदा फ्लेक्सनं खाल्ला आणि फ्लेक्सचं दुकान मीच काढलं. बारावीनंतर कॉम्प्युटरचा कोर्स केला, कडेगावात गाळा घेतला. वाढदिवस, बारसं, निवडणूक, दहावा. पण कॉम्प्युटरमधली ती गुळगुळीत अक्षरं मला कधी आवडली नाहीत. मी आबाच्या जुन्या पाट्यांचे फोटो काढले, एकेक अक्षर कापून कॉम्प्युटरमध्ये ठेवलं आणि तीच जुळवून फ्लेक्स करायला लागले. गिऱ्हाईक मुद्दाम मागायचं. "दगडू पेंटरच्या अक्षरात द्या."

आबाचं अक्षर ओळखायची एक खूण आहे. तरुणपणी कडबाकुट्टीच्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं पेर गेलं. त्यामुळं उभी रेघ संपवताना ब्रश सरळ उचलत नाही, जरासा डावीकडं वळतो आणि खाली चोच निघते. प्रत्येक उभ्या रेघेला चोच. तालुक्यातले बाकीचे पेंटर चेष्टा करायचे, "दगडूच्या कान्याला चोच फुटली रं!" आबा हसायचा. पेर गेलेलं बोट दाखवायचा.

एक दिवस पुण्याचा एक डिझायनर गाडी घेऊन आमच्या आळीत आला. गोरागोमटा, खादीचा कुर्ता, गळ्यात कॅमेरा. "काका, तुमचं अक्षर म्हणजे सोनं आहे सोनं!" आबा विरघळला. उभ्या जन्मात त्याला कुणी 'काका, तुम्ही' म्हटलं नव्हतं. डिझायनरनं पाट्यांचे फोटो घेतले. मग मोठा पांढरा कागद पसरला आणि म्हणाला, सगळी मुळाक्षरं लिहून द्या, आठवण म्हणून. आबा आत जाऊन धुतलेला शर्ट घालून आला. जमिनीवर गुडघे टेकून दोन तास लिहीत होता, अ पासून ज्ञ पर्यंत. आणि संपल्यावर हाताच्या सवयीनं खाली उजव्या कोपऱ्यात पेंटर दगडू, शेजारी साल.

"काका, नाव नको हो. स्कॅनमध्ये कचरा येतो."

कचरा म्हणाला. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते.

आबानं फडकं टर्पेंटाइनमध्ये बुडवलं आणि पुसलं. कागदावर रंग आणखी फिसकटला. मग त्यानंच दुसरा कागद घेतला आणि सगळी अक्षरं पहिल्यापासून परत लिहून दिली. बिननावाची. डिझायनरनं शाल दिली, नारळ दिला, आबाबरोबर फोटो काढला आणि गेला. खराब झालेला पहिला कागद आईनं फळीवर डब्यांखाली अंथरला.

ही दुसरी वेळ. तेव्हाही मी गप्पच. पाहुणा आलाय म्हणून.

दोन-तीन वर्षं गेली. सांगलीत एका हॉटेलात बसले होते. मेन्यूकार्डावर बघते तर चोच! दुधाच्या पिशवीवर चोच, मोबाइलवर कुठल्याशा मालिकेची जाहिरात आली त्यावरही चोच. मी येडी, आधी खूशच झाले. घरी येऊन शोधलं तर सापडलं. फॉन्ट झाला होता. खाली डिझायनरचं नाव, पूर्ण, आडनावासकट. सर्व हक्क राखीव. आणि हा फॉन्ट कसा सुचला त्याची गोष्ट: 'पश्चिम महाराष्ट्राच्या रस्त्यांवरच्या अनामिक अक्षरांतून.' बरोबर एक फोटो, आबाच्याच डेअरीच्या पाटीचा. खालचा उजवा कोपरा कापलेला.

आबाला वाचून दाखवलं. "अनामिक म्हंजी काय गं?" त्यानं विचारलं.

"ज्याला नाव नाही तो."

"असू दे. अक्षर तरी लांब गेलं."

मी हातातला मोबाइल आपटणार होते. कसाबसा खाली ठेवला.

पण तेवढ्यावर भागलं नाही. एका सकाळी दुकान उघडलं तर माझ्या दुकानाचं फेसबुकवरचं पान बंद. पाच वर्षांचे फ्लेक्सचे फोटो गायब. 'हक्कधारकाच्या तक्रारीवरून काढले आहे.' आठवड्यात सांगलीच्या वकिलाची नोटीस आली. मी म्हणे त्यांच्या नोंदणीकृत अक्षरांची नक्कल करून धंदा करते. सगळ्या फाइली नष्ट करायच्या, लेखी माफी मागायची, तीच माफी कॅमेऱ्यापुढं वाचायची आणि तो व्हिडिओ दुकानाच्या पानावर लावायचा. तरच पान परत मिळंल. माझी निम्मी गिऱ्हाइकं त्या पानावरनं यायची.

काय वाचायचं तेही लिहून पाठवलं होतं. "सदर अक्षररचना ही माझी अथवा माझ्या कुटुंबीयांची नाही. मी ती चोरली."

माझ्या बापाच्या हातातनं निघालेलं अक्षर मी चोरलं!

आबा म्हणाला, "मिटवून टाक पोरी. वाच ते आन् मोकळी हो. आपल्याला काय करायचंय कोर्टकचेरी?"

मी चहा ठेवायला उठले. साखरेचा डबा काढला आणि तिथंच थांबले. डब्याखालचा कागद. तेलानं पिवळा पडलेला, डब्यांचे गोल डाग उठलेले, पण अ पासून ज्ञ पर्यंत एकेक अक्षर जागेवर. खाली कोपऱ्यात फिसकटलेला काळा डाग आणि त्या डागातनं अजून वाचता येत होतं: पेंटर दगडू. शेजारी साल. सवयीनं टाकलेलं नाव आबाला पुसताही नीट आलं नव्हतं.

तो कागद घेऊन मी कडेगावच्या कोर्टातल्या एका वकीलबाईंकडं गेले. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "वडिलांनी हक्क लिहून दिलेत का कुठं?" नाही. "सही केलीय कशावर?" नाही. म्हणाल्या, "मग ऐक. हक्क तोंडी देता येत नाही, कागदावर सहीनिशी द्यावा लागतो. आणि दिला असता तरी 'हे मी केलंय' असं म्हणायचा हक्क करणाऱ्याचाच राहतो. कोर्टात काय होईल मी छातीठोक सांगत नाही. पण तू चोर नाहीस, हे सांगते."

नोटीस देणाऱ्या वकिलानं माफी वाचायला बोलावलं होतं, तर मी आबाला घेऊन सांगलीला गेले. वकिलाची केबिन थंडगार. आबानं चपला दाराबाहेर काढल्या, आत बाकीचे सगळे बुटात. डिझायनर उठून पाया पडल्यासारखं वाकला. "काका, कसे आहात? तुम्ही तर आमचं प्रेरणास्थान!" मग मोबाइल स्टँडला लावून, रेकॉर्डिंग चालू करून माझ्याकडं वळवला आणि कागद पुढं केला.

"ताई, मोठ्यानं वाचा. एका टेकमध्ये होऊन जाईल."

मी म्हणाले, "प्रेरणास्थानाचं नाव फॉन्टवर कुठं आहे?"

"ताई, वैयक्तिक घेऊ नका. रस्त्यावरची अक्षरं ही लोककला असते. लोककलेला असा एक मालक नसतो."

"आणि फॉन्टला?"

"फॉन्ट मी केलाय."

काय मस्त हिशोब! आमच्या हातात असतं तोवर सगळ्यांचं, तुमच्या हातात गेलं की तुमचं एकट्याचं. मी फळीवरचा कागद टेबलावर पसरला. डिझायनरचा चेहरा उतरला. त्यानं लगेच ओळखला. वकिलानं चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि कोपऱ्यातलं नाव वाचलं. मग दोघं बाहेर जाऊन कुजबुजून आले.

आता आवाज मऊ. "आपण आभारात काकांचं नाव टाकू. माफीचं नंतर बघू. फक्त काकांनी इथं एक सही करायची." वकिलानं दुसरा कागद आबापुढं सरकवला. मी वाचला. ही अक्षरं मी राजीखुशीनं, कायमची, सर्व हक्कांसह देत आहे. तारीख त्या जुन्या दिवसाची टाकलेली, आबानं जमिनीवर गुडघे टेकले होते त्या दिवसाची. म्हणजे इतकी वर्षं यांच्याकडं कागदच नव्हता! कागद नसताना मला चोर म्हणत होते.

आबानं पेन हातात घेतला.

तोच हात, तेच तुटकं बोट. मला ती देवळाची भिंत दिसली. मी त्याचं मनगट धरलं. "आबा, न्हाई. आता न्हाई."

आबानं माझ्याकडं बघितलं नाही. तो डिझायनरकडं बघत होता. सावकाश म्हणाला, "सायेब, कागदावर नाव लिवलं तवा तुमी म्हनला, नाव नको, कचरा येतो. मंग आज माझं नाव कशाला पायजे तुमास्नी?"

आबानं पेन टेबलावर ठेवला, फळीवरच्या कागदाची गुंडाळी केली, बगलेत मारली. दाराबाहेर जाऊन चपला घातल्या. माझा बाप असा ताठ चालताना मी पहिल्यांदा बघत होते.

मी मोबाइलपुढं गेले. रेकॉर्डिंग चालूच होतं. म्हणाले, "ही अक्षरं माझ्या बापाची आहेत. त्याचं नाव पेंटर दगडू." आणि निघाले.

तो व्हिडिओ त्यांनी अर्थातच कुठं लावला नाही. माझं पान अजून बंद आहे. फॉन्ट अजून विकला जातोय. आम्ही दावा लावलाय, तारखा पडतायत. गिऱ्हाईक कमी झालंय. नातेवाईक येऊन सांगतात, मोठ्या माणसांच्या नादी लागू नये. गावातनं निरोप येतात, दगड्याची पोरगी लय शेफारली. शेफारली तर शेफारली.

गेल्या महिन्यात आबानं माझ्या दुकानाच्या शटरवर ब्रशनं लिहिलं. शिडी मी धरली होती. दुकानाचं नाव लिहिलं नाही. पेंटर दगडू, एवढंच, दोन-दोन फुटांची अक्षरं, प्रत्येक उभ्या रेघेला चोच. कोपऱ्यात नाही, मधोमध. दुसऱ्या दिवशी एक जण शटरपुढं थांबला आणि दात काढत म्हणाला, "कुणाच्या परवानगीनं गं?" मी रॉकेलची बाटली आणि फडकं त्याच्यापुढं ठेवलं. म्हणाले, "घ्या. पुसा."

त्यानं हात मागं घेतला आणि निघून गेला.

देवस्थानच्या अध्यक्षालाही माझं हेच सांगणं आहे, पुण्याच्या डिझायनरलाही आणि त्याच्या वकिलालाही. दोनदा तुम्ही आमच्याच हातानं आमचं नाव पुसून घेतलंत आणि तुमचे हात कोरडे राहिले. इथून पुढं पुसायचं असेल तर स्वतः या. दिवसाउजेडी या, चार माणसांदेखत फडकं बुडवा आणि तुमच्या हातानं पुसा. आमचा हात मिळणार नाही.