अठरा आवाजांचा तक्ता

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. मी न सांगताच तिला सगळं कळतं, असा तिचा दावा आहे — हे मात्र कळलेलं नाही.

चिकलठाण्याला आमची कंपनी आहे. आम्ही काही बनवत नाही, दुसऱ्या कंपन्यांचे फोन घेतो. शेतातली मोटर अडली की माणूस पंपाच्या कंपनीला फोन लावतो, आणि 'नमस्कार' म्हणतो आम्ही. माझं काम त्याहून सोपं — रेकॉर्ड झालेले कॉल ऐकायचे आणि मार्क द्यायचे. नाव विचारलं का? आभार मानले का? मध्येच दहा सेकंदांच्या वर शांतता पडली, तर कॉल नापास.

फोन घ्यायला नवीन लागलेली रेणुका फर्दापूरकडची. घरची मेंढरं, बारावी झालेली, पहिलीच नोकरी. तिचा पहिला कॉल ऐकताना मी हातातला चहा खाली ठेवला. पैठणकडचे एक आजोबा सांगत होते, मोटर चालते पण पाणी येत नाही. आमच्या कागदावर याला एकच उत्तर: तक्रार नोंदवा, मेकॅनिक पाठवा. तर ही म्हणते, "बाबा, फोन मोटरीपाशी धरा." आणि गप्प! चाळीस सेकंद नुसती घरघर. मग हळूच, "हवा वडायलीय ती. पाण्यातला पाइप उघडा पडला का बघा." अर्ध्या तासानं आजोबांचा पुन्हा फोन — पाणी आलं. माझ्या अंगावर काटा आला. खरंच आला.

मी तिचे सगळे कॉल काढले. बेअरिंग गेलेलं, आत काडी अडकलेली, एक फेज नसलेला — सगळं कानानं. कसं जमतं म्हणून विचारलं तर लाजली. "आमची दोनशे मेंढरं. कोणतं खोकलं ते बघाया उठत नाय कुणी." असं काही मी जन्मात अनुभवलं नव्हतं. देवळात जावं तसा मी रोज हेडफोन लावत होतो.

आणि मग मी काय केलं? नव्या मुलीला पहिले तीन महिने मार्क नसतात. त्या तीन महिन्यांत तिचे कॉल ऐकून मी एक तक्ता केला — अठरा आवाज, अठरा बिघाड. खाली नाव माझं. पंपवाल्यांचे साहेब खूश झाले. हे कुठून आणलंत, विचारू लागले. मी म्हणालो, अभ्यास केला.

एवढ्यावर थांबलो असतो तर नुसता चोर ठरलो असतो. पण आता तिचे मार्क सुरू झाले. शांततेला कारण असेल तर मी ती माफ करू शकतो, तसा रकाना आहे. फक्त, माफ केलेला कॉल मीटिंगमध्ये सगळ्यांना ऐकवावा लागतो. आणि तो ऐकल्यावर तक्ता कुणाचा, हे कुणाला कळलं नसतं? म्हणून मी तिला नापास करत गेलो. लागोपाठ तीन महिने नापास झालं की नोकरी जाते. हे मला माहीत नव्हतं? तो नियम मीच टाइप केला होता.

दर महिन्याला समोर बसवून मी तिला समजवायचो, कागदाप्रमाणे बोल. फोन मोटरीपाशी धरायला सांगणं तिनं सोडलंही. पण मागे मोटर चालू असली की बोलता बोलता गप्प व्हायची. ऐकू यायचं तिला — ती तरी काय करणार? मी तेही नापास केलं.

शेवटच्या दिवशी ती ओळखपत्र द्यायला माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, "सर, तुमी लई समजावलं. मलाच जमलं नाय."

मी ओळखपत्र घेतलं. आणि म्हणालो, "सगळ्यांनाच जमत नाही."