फोडलेला कांदा
जेवताना कुणी बुक्कीने कांदा फोडला की मला नगर जिल्ह्यातल्या कर्जतकडची ती वस्ती आठवते. मी ॲम्ब्युलन्सवर डॉक्टर होते. झटके येऊन निळ्या पडलेल्या पोराच्या नाकाशी त्याची आई फोडलेला कांदा धरून बसली होती. पोराला गाडीत घेतलं, पण हलत्या गाडीत श्वास नीट देता आला नसता आणि पोर वाटेतच गेलं असतं, म्हणून गाडी अंगणातच उभी ठेवून मी नाकातोंडावर मास्क धरून रबरी फुगा दाबत त्याला श्वास देत राहिले. "मॅडम, नगर लई लांब हाय, गाडी हलवा की!" आई दार बडवत होती. त्याची छाती आपली आपण हलली, तेव्हाच निघालो. दवाखान्याच्या दारात मुठीतला कांदा माझ्या हातात कोंबून ती आत धावली, आणि ती बाहेर येण्याआधीच आम्हाला दुसरा कॉल आला. पुढचं कधी कळलं नाही. आजही तो वास आला की हातातला घास थांबतो आणि मी त्या पोराच्या पुढच्या श्वासाची वाट बघत बसते.