टिपणिसांचं बिनचूक पान

टिपणीस दुसऱ्याच्या वेबसाइटचा कोड उघडून बघत आणि नाक मुरडत. बँकेची असो, देवस्थानाची असो, शेरा ठरलेला: "अशुद्ध! सगळं अशुद्ध!" खांदा कॉलनीत दोन खोल्यांत आमची वेबसाइट बनवायची कंपनी होती. ते मालक, मी हाताखाली. त्यांच्या मते जगात शुद्ध एवढंच, जे त्यांनी स्वतः लिहिलं.

पानं ते एक्सएमएल नावाच्या काटेकोर संगणकभाषेच्या कडक नियमांनी लिहीत. लिहोत बापडे! पण सर्व्हरनं ती "हे एक्सएमएल आहे" असं सांगूनच पाठवायची, हा हट्ट. फायरफॉक्स ब्राउझरला ते कळे. सायबर कॅफेत मात्र जिकडेतिकडे निळ्या 'ई'चा ब्राउझर. तो गोंधळून पान दाखवायचं सोडून "फाइल सेव्ह करू का?" असं विचारी.

"सर, ज्या ब्राउझरला कळत नाही त्याला साधं एचटीएमएल म्हणून देऊ या. चार ओळींचं काम आहे," मी म्हणाले.

"अडाण्यांसाठी मी खाली उतरू? त्यांनी ब्राउझर बदलावा!"

वा रे शहाणे! कॅफेत घटकाभर बसणारा माणूस म्हणे ब्राउझर बदलणार. आणि मीही मुकाट्यानं मान डोलावली.

मग आखातातल्या नोकऱ्या देणाऱ्या एका एजंटाची साइट आम्ही केली. मुलाखतींच्या तारखा तिथेच लागायच्या. सोमवारी यादी चढवली. शुक्रवारी जासईचा हसुराम आला. कंटेनर यार्डात क्रेन चालवायचा. तिथलं काम महिनाअखेरीस सुटणार होतं. हातात फ्लॉपी.

"साहेब, तीन दिस कॅफेत जातोय. पान उघडतच नाय. सेव करू का इचारतंय, म्हणून सेव केला. आता तुमीच बघा, माझी तारीख कवा हाय?"

टिपणिसांनी फ्लॉपी घातली. फायरफॉक्समध्ये पान झक्क उघडलं. हसुरामचं नाव, पुढे तारीख. गुरुवारची.

"म्हणजे काल?" हसुराम म्हणाला.

टिपणीस स्क्रीनकडे कौतुकानं बघत होते. मला म्हणाले, "बघा, एकसुद्धा चूक नाही!"

मी एजंटाला फोन लावला. जागा भरल्या होत्या. मला टिपणिसांची किळस आली, आणि माझीही.

हसुराम भांडला नाही. दारातून वळून म्हणाला, "फ्लॉपी तेवढी द्या. कॅफेवाल्याची हाय."

मी ती काढून दिली. त्याच दुपारी, कुणालाही न विचारता, त्या चार ओळी लिहिल्या. टिपणिसांना शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. निळ्या 'ई'मध्ये आपलं पान कसं दिसतं, हे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.